लावली त्यानंच उठवायची

माझ्या दोन भावांचं बोलणं बंद झालं ते एका फेट्यावरून. हसू नका. आमच्या घराण्यात डोक्यात काय आहे यापेक्षा डोक्यावर काय बांधलंय याची काळजी जास्त. माझ्या वडलांचंही तसंच होतं, ते उदगीर सोडून हैदराबादला आले तेव्हा येताना अक्कल तिकडंच ठेवून मान तेवढा घेऊन आले असावेत.

थोरला प्रतापराव, त्याचा कुकटपल्लीला प्लास्टिकच्या बादल्या-टबांचा कारखाना आहे. धाकटा हिम्मतराव, त्याचं कोठीला शाळा-कॉलेजच्या पुस्तकांचं दुकान. दोघांच्या मधली मी, गंगू. दोघांनी मिळून कुकटपल्लीत घर बांधलं, तिसऱ्या मजल्यावर थोरला, दुसऱ्यावर धाकटा, खाली किराएदार. मी नवऱ्याबरोबर जामबागेत राहते. बरं चाललं होतं सगळं.

मग दादाच्या ओमकारचं लग्न निघालं. फेटे बांधणारा खास नांदेडहून बोलावला. व्याह्यांना बांधले, व्याह्यांच्या मेहुण्यांना बांधले, त्या मेहुण्यांच्या दोस्तांनाही बांधले, आणि हिम्मतची पाळी आली तेव्हा कापड संपलं. तर कुणा शहाण्यानं त्याच्या डोक्यावर तयार फेटा ठेवला. टोपीसारखा, मागून इलॅस्टिक असलेला. सख्ख्या चुलत्याला. हिम्मतनं तो काढून खुर्चीवर ठेवला आणि न जेवता निघून गेला. दादा म्हणाला, "भर मांडवात माझी शोभा केली यानं. आजपासून त्याचं आमचं नाही."

त्याचं आमचं नाही. तीन शब्द, पण ते निभावताना बाकीच्यांचा जीव जातो. जिना एकच, म्हणून एक उतरताना दिसला की दुसरा दारातच थांबायचा. येणं-जाणं बंद, देणं-घेणं बंद, सणाचं ताट बंद. हे दोघं बाप्ये रुसून बसले आणि निस्तरायचं कुणी, तर त्यांच्या बायकांनी. थोरली त्रिवेणीवहिनी आणि धाकटी प्रणिता, दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नाही. वहिनींची शेंगदाण्याची चटणी प्रणिताला लागते, प्रणिताचं गोंगुऱ्याचं, म्हणजे अंबाडीचं, लोणचं वहिनींना. मग त्यांनी रस्ता काढला. वहिनी चटणी माझ्याकडं जामबागेत पाठवायच्या, मी ती प्रणिताला पाठवायची. लोणचं उलट्या बाजूनं यायचं. एका मजल्याचं अंतर, पण लोणचं अख्खं शहर फिरून वर जायचं. आणि माझ्या फ्रिजमध्ये माझं दूध ठेवायला जागा नसायची.

हे सगळं ने-आण करायची हिम्मतची मुलगी राणी. ती सरकारी नोकरीच्या परीक्षा देते. तिचा क्लास कोठीला, जामबागेला लागूनच, म्हणून दुपारी जेवायला माझ्याकडं. मराठी बोलते पटापट, वाचायला दिलं की अडखळते, पण जगाची खबर तिला सगळी. एक दिवस मी डबे भरता भरता करवादले, तर ती भाताचा घास तसाच ठेवून म्हणाली, "आत्या, याला एम्बार्गो म्हणतात. आमच्या सिलॅबसमध्ये आहे."

"काय की बाई. माझ्या सिलॅबसमध्ये नव्हतं."

"स्पॅनिश लोकांचा शब्द आहे. म्हणजे अडवून धरणं. जुन्या काळी राजाचं कुणाशी बिनसलं की हुकूम निघायचा, बंदरातलं एकही जहाज हलायचं नाही. माल भरलेला, शिडं तयार, पण जागेवर उभं राहायचं. आता देश देशावर लावतात. तेल द्यायचं नाही, हत्यारं द्यायची नाहीत. पेपरवाल्यांचाही असतो, बातमी हातात असते पण सांगितलेल्या वेळेआधी छापायची नाही."

मी म्हणलं, "भांडण राजांचं. मग जहाजाचा काय गुन्हा?"

"जहाजाचा कधीच नसतो, आत्या."

"आणि मग हे उठतं कधी?"

"ज्यानं बंदी लावली त्यानंच उठवायची. दुसऱ्याला उठवता येत नाही." मग ती हसली. "पण तोवर माल तिसऱ्या देशातून जातो, चोरून. सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही. तू दुबई आहेस, आत्या."

हैदराबादेत प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी दुबईला असतं. आमच्याकडचं कुणी नव्हतं, ती उणीव मी भरून काढली म्हणायची.

दुबई होऊन मी निभावलं असतं. पण माझ्या स्नेहाचं लग्न ठरलं, आणि लग्नात मामा लागतो. चटणीसारखा तो तिसऱ्या घरातून पाठवता येत नाही. "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या," असं गुरुजींनी पुकारलं की मामानं पोरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं, मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. माझ्या लग्नात माझे तीन मामा उभे होते, पाठीमागं भिंत असल्यासारखं वाटलं होतं मला. स्नेहाला दोन मामा आहेत, दोघंही तिला खांद्यावर घेऊन नुमाइशच्या जत्रेत फिरवलेले. मला ते दोघं तिच्या पाठीशी पाहिजे होते. एक नाही, दोघं. बाकी हॉल, जेवण, नवऱ्याकडच्यांची नाकं, कशाचीच मला फिकीर नव्हती.

एकनाथरावांना, म्हणजे आमच्या ह्यांना, म्हणलं तुम्ही बोलून बघा मेहुण्यांशी. ते म्हणाले, "भावा-बहिणींच्या मधे मी कशाला?" लग्नाला तीस वर्षं होत आली, या माणसानं मधे पडण्यासारखं काही केलं असेल तर मला आठवत नाही. मग मीच गेले कुकटपल्लीला.

आधी वर दादाकडं. चहा झाला, स्नेहाच्या सासरची चौकशी झाली. मी विषय काढला तसा दादानं कप खाली ठेवला. "हिम्मत येणार असंल तर मी नाही."

खाली हिम्मतकडं. तो म्हणाला, "मी येतो ना आक्का. माझं काय म्हणणं आहे? फक्त आधी त्यानं मला फेटा बांधावा. स्वतःच्या हातानं."

पुन्हा वर. दादा म्हणाला, "मी? त्याच्या डोक्याला हात लावीन मी? मांडवातून उठून गेलेला माणूस आहे तो. आधी माफी मागू दे."

पुन्हा खाली. "माफी मी मागू? इलॅस्टिकचा फेटा माझ्या डोक्यावर, आणि माफी मी मागू?"

माझे गुडघे आधीच कामातून गेलेले. डॉक्टरनं जिने चढू नका म्हणून सांगितलेलं. आणि या दोन घोड्यांचे निरोप घेऊन मी वर-खाली करत होते, वर-खाली. पुन्हा वर जाताना मधल्या जिन्यावर, जिथं तो वळतो ना, तिथं थांबले. दम लागला होता. वर दादाचं दार उघडं, खाली हिम्मतचं उघडं, दोघंही कान लावून बसलेले, आणि मी मधे कठड्याला धरून उभी. माझं डोकं फिरलं.

मी तिथूनच ओरडले. किराएदार बाहेर आले, समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली, पण मी थांबले नाही. म्हणलं, "ऐका दोघंही. माझ्या दारात यायचं नाही. लग्नालाही नाही, नंतरही नाही. स्नेहासाठी मामा मी दुसरा बघते. रस्त्यावरचा बघते, पण तुम्ही नको. आजपासून समजा, मला भाऊच नाहीत."

शेवटचं वाक्य बोलले आणि माझं मलाच कसंतरी झालं. सख्ख्या, धडधाकट, दोन भावांच्या बहिणीनं असं बोलू नये. आई असती तर तोंडावर हात मारला असता. पण तोंडातून गेलं ते गेलं. वरचं दार बंद झालं, मग खालचं. मी एका हातानं कठडा धरून उतरले आणि ऑटोत बसून रडले. ऑटोवाला आरशातून बघून म्हणाला, "क्या हुआ अम्मा?" त्याला काय सांगू, फेटा?

मामा मी खरंच बघितला. शेजारचे नरसिंगराव गारू, गारू म्हणजे तेलुगूतलं 'जी', रेल्वेतून रिटायर झालेले, देवमाणूस. मी विचारलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी काम इतकं मनावर घेतलं की दुसऱ्या दिवशी येऊन विचारायला लागले, "अम्मा, बुट्टा कुठून आणायचा?" तेलुगू लग्नात मेनमामा नवरीला वेताच्या टोपलीत बसवून उचलून आणतो. त्यांचं वय सत्तरीचं, आमची स्नेहा चांगली अंगापिंडानं भरलेली. मी म्हणलं, गारू, आमच्यात नुसतं हाताला धरून आणतात. त्यांना जरा वाईटच वाटलं.

स्नेहा मला काही बोलली नाही. एकदाच म्हणाली, "आई, नरसिंग अंकल चांगले आहेत. पण मला मामा पाहिजे होते." मी तिलाच ओरडले. तिला ओरडून मग ओट्यापाशी जाऊन नुसतीच उभी राहिले.

लग्नाच्या दिवशी दोघी भावजया आल्या, राणी आली. भाऊ नाहीत. विचारायची माझी हिंमत नव्हती आणि त्यांनी आपणहून सांगितलं नाही. मुहूर्त दुपारचा. नरसिंगराव पांढरं धोतर, जरीचं उपरणं, एकदम तयार. गुरुजींनी माइक हातात घेतला. "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या."

नरसिंगराव उठले. तेवढ्यात हॉलच्या दारात गलका झाला. बघते तर दादा आणि हिम्मत. एकाच गाडीतून आलेले, ओमकारनं आणलेले. दोघांच्या डोक्याला भगवे फेटे, एकाच कापडातले. हिम्मतचा एका बाजूला कललेला, शेपटा आखूड झालेला. नांदेडच्या माणसानं बांधलेला नव्हता तो, उघड दिसत होतं. दोघं माझ्यासमोरून गेले. माझ्याकडं बघितलं नाही. दादा नरसिंगरावांना हात जोडून म्हणाला, "माफ करा. पोरीचे मामा जिवंत आहेत."

स्नेहाच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. तिला घेऊन आले, तिच्या पाठीशी उभे राहिले, अक्षता टाकल्या. मला जे पाहिजे होतं ते अगदी तसंच माझ्या डोळ्यांपुढं होतं. स्नेहा रडत होती, हसत होती. मंगलाष्टकं संपली, त्यांनी तिला आहेर दिला, डोक्यावर हात ठेवला आणि आले तसे निघाले. मी आडवी गेले. म्हणलं, जेवून तरी जा. हिम्मत माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हणाला, "चला दादा."

चला दादा. त्यांचं भांडण झाल्यापासून त्याच्या तोंडून 'दादा' ऐकलं नव्हतं मी. ऐकलं ते असं.

राणीनं नंतर सांगितलं. मी जिन्यात ओरडून गेले त्या दिवशी संध्याकाळीच हिम्मत वर गेला होता. दोघं बसून मला बोलले, पोटभर. रस्त्यावरचा मामा आणते म्हणजे काय, आपण मेलो का, हिची जीभ लहानपणापासून अशीच. बोलता बोलता चहा झाला, मग जेवण झालं. लग्नाच्या सकाळी दादानं स्वतःच्या हातानं त्याला फेटा बांधला. त्याला येत नव्हतं, चारदा सोडला आणि बांधला.

"आत्या, हे पुस्तकात आहे," राणी म्हणाली. "बाहेरच्यानं बंदी लावली की आतले एक होतात. बहुतेक वेळा असंच होतं."

"मग आधी सांगायचं ना."

"तू विचारलं कुठं? तू तर डायरेक्ट लावून आलीस."

पोरीला फटका द्यावा वाटला. पण खोटं काय बोलली ती?

आणि आता गंमत बघा. वहिनी आणि प्रणिताचा डबा आता थेट जिन्यावरून वर-खाली जातो. माझा फ्रिज रिकामा. माझ्याकडं चटणी येत नाही, लोणचं येत नाही. राणी हल्लू कधीतरी एखादी वाटी घेऊन येते आणि म्हणते, "पप्पांना कळू देऊ नको." ह्यांना मी म्हणलं, बघा, स्नेहाला दोन मामा मिळाले आणि मला एक भाऊ उरला नाही. ते म्हणाले, "तुझ्या मनासारखं झालं ना पण?" तीस वर्षांत पहिल्यांदा बोलले मधे, आणि ते हे.

राखीला बहिणीनं जायचं असतं. मी गेले नाही. म्हणलं, जेवायला थांबले नाहीत, आता बोलावू देत मला. कुणी बोलावलं नाही. राख्या आणलेल्या, तशाच देव्हाऱ्याच्या फळीवर राहिल्या.

भाऊबीजेला भावानं यायचं असतं. सकाळपासून दारात रांगोळी काढून बसले. करंज्या केल्या, हिम्मतला आवडतात म्हणून सांज्याच्या पोळ्या केल्या. लिफ्टचा आवाज आला की उठायची. दुपार झाली. जेवायची वेळ टळून गेली. एकनाथराव म्हणाले, "मी जेवू का?" म्हणलं जेवा, तुमचं काय अडलंय.

मग मला राणीचं ते आठवलं. लावली त्यानंच उठवायची. लई राग आला मला त्या शब्दाचा, त्या स्पॅनिश राजाचा, माझा स्वतःचा. पण ओवाळणीचं ताट पिशवीत घातलं, करंज्या-पोळ्यांचा डबा घेतला आणि कोठीहून मेट्रोत बसले. सणाची गर्दी, सगळ्या बायका नटलेल्या, कुणाकुणाचे भाऊ शेजारी. मी पिशवी मांडीवर धरून बसले.

कुकटपल्लीच्या घराशी आले आणि प्रश्न पडला, आधी कुणाच्या दारात? आधी थोरल्याकडं गेले तर धाकटा रुसेल, मधेच धाकट्याकडं थांबले तर थोरला. जिना चढताना ऐकलं, दोघांचेही आवाज वरून येत होते. दादाच्या घरी टीव्हीवर मॅच लागलेली, आणि ते दोघं मिळून कुठल्या तरी बॉलरला शिव्या देत होते. मी घंटी वाजवली.

दार दादानं उघडलं. अर्धंच. मला बघून त्याचा चेहरा दगड झाला.

मी म्हणलं, "दादा, जिन्यात बोलले ते मी मागं घेते. बंदी लावली मी होती, उठवते मी."

"तू लावलेली तू उठवलीस," तो म्हणाला. "आमची आम्ही बघू."

"भाऊबीज आहे आज."

"तुला भाऊ नाहीत ना? अख्ख्या गल्लीनं ऐकलंय. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. जा, चंद्राला ओवाळ."

आणि दार लावून घेतलं.

खरंय. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. आमच्या एका मावशीला मी लहानपणी गच्चीत तसं करताना बघितलं होतं, आणि आम्ही पोरं तिला बघून हसलो होतो. तिला काय वाटलं असेल ते आज कळलं.

मी उतरायला लागले. मधल्या वळणावर आले आणि पाय पुढं जाईनात. गुडघे म्हणा, काही म्हणा. मी तिथंच पायरीवर बसले. इथूनच ओरडले होते, इथंच बसते म्हणलं. पिशवीतून ताट काढलं. कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन. काडेपेटी विसरले होते. मागं दार वाजल्यासारखं झालं, वहिनी आल्या, काडेपेटी माझ्या शेजारी ठेवली आणि परत गेल्या. खालून प्रणितानं पाणी आणून दिलं. मी निरांजन लावलं. जिन्याच्या जाळीतून वारा येत होता, म्हणून ज्योतीला पदर आडवा धरून बसले. बाहेर ऊन कलायला लागलं होतं. बीजेचा चंद्र दिसायला अजून अवकाश होता.

वहिनींनी दार पूर्ण लावलं नव्हतं. आतलं ऐकू येत होतं. टीव्हीचा आवाज कुणीतरी बारीक केला.

"गेली का बघ रे," दादाचा आवाज.

पावलं वाजली, थांबली, परत गेली. "बसलीय जिन्यात. ताट मांडून."

"बसू दे."

मग हिम्मत म्हणाला, "गुडघे धरतील तिचे, दादा."

"धरू देत. जीभ आवरायची होती."

"हौ."

टीव्हीवर कुणीतरी आऊट झालं वाटतं, पण आतून ना टाळी आली ना शिवी. माझा हात भरून आला होता, पण पदर सोडला तर ज्योत जाईल म्हणून मी तसाच धरला. आणि मी एकदाही तोंड उघडलं नाही. मी, गंगू, गप्प.

मग दादा खाकरला. म्हणाला, "हिम्मत, तुझ्याकडं पाट आहे का रे खाली? माझ्याकडं एकच आहे."